पुनर्विकास आणि अंगणातले चार पाम: कोथरूडमधलं एक प्रकरण

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतली ही सोसायटी तशी लहान. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, पुढेमागे थोडं अंगण. पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या होत्या. मे अखेरीला सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं आणि जूनमध्ये पाडकाम सुरू, असं ठरलं होतं. तळमजल्यावरच्या काकूंचा फोन फेब्रुवारीत आला. घरगुती बागांची कामं मी करते, त्यामुळे पुण्यात पुनर्विकासाचं वारं सुटल्यापासून असे फोन वरचेवर येतात. बहुतेकांना कुंड्या हलवायच्या असतात. काकूंना मात्र जमिनीतलं झाड न्यायचं होतं. "स्वयंपाकघराच्या खिडकीतला पाम ह्यांनी लावलेला आहे. तो मी सोडणार नाही. काय ते तू बघ," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

जाऊन पाहिलं तर पाम एक नव्हता. खिडकीखाली अरेकाचं भलंमोठं बेट होतं, बारा-तेरा फूट उंच, चाळीसेक दांड्यांचं. फाटकाशी एकच सरळसोट बॉटल पाम. म्हणजे पुण्यात सगळे ज्याला बॉटल पाम म्हणतात तो, मूळचा क्यूबा-फ्लोरिडाकडचा रॉयल पाम. मागच्या भिंतीला लागून भेरली माड, त्याला घोड्याच्या शेपटीसारखे लांब घोस लटकलेले. आणि काकूंच्या ओट्यावर दोन कुंड्यांमध्ये राफिस, एम्प्रेस गार्डनला २६ जानेवारीच्या आसपास जे पुष्पप्रदर्शन भरतं तिथून कधीतरी आणलेला. शिवाय जिन्याशी दोन सायकस होते, ज्यांना सोसायटीत 'सागो पाम' म्हणत. सायकस पाम नाही, त्याचा पामशी दूरचाही संबंध नाही. पण त्याच्या बुंध्याला कांद्याएवढी पिल्लं येतात, ती काढून, जखम आठवडाभर सावलीत सुकवून वाळूत लावली की काम होतं. ते माळीमामांनी एका दुपारी उरकलं, म्हणून त्याचा विषय इथेच संपला. फक्त घरात कुत्रा असेल तर सायकसच्या बिया त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत, त्या विषारी असतात.

आता उरले चार पाम. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एव्हाना सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता.

"वरून कापून लावता येईल ना?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ड्रॅसिनाचे तुकडे करून घरभर रोपं केली होती. त्यामुळे बॉटल पामचा वरचा पाचेक फुटांचा भाग कापून कुंडीत लावावा, असं त्यांचं म्हणणं. आणखी एकांनी गुटी कलम सुचवलं, कारण त्यांच्या गावी पेरूवर ते उत्तम होतं.

दोन्ही इथे चालत नाही. पेरूची गुटी बांधताना आपण सालीचं कडं काढतो. सालीच्या आत सतत वाढणारा एक पातळ थर असतो, त्याच्या जोरावर जखम भरते आणि मुळं फुटतात. पाम एकदल वनस्पती, गवत-बांबूच्या गोतावळ्यातला. त्याच्या खोडात असा थरच नाही. खोडाच्या आत अन्नपाणी वाहणारे दोरे सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे सोलायला साल नाही आणि झालेली जखम भरूनही येत नाही. दुसरं म्हणजे एका खोडाला वाढीचा कोंब एकच, तोही अगदी शेंड्यात, झावळ्यांच्या देठांनी गुंडाळलेला. शेंडा कापला की खालचं खोड संपलं. कापलेल्या शेंड्यालाही मुळं फुटत नाहीत, कारण पामची मुळं बुंध्याच्या तळातून निघतात, मधल्या खोडातून नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गेंड्या भुंग्यानं कोंब खाल्ला की माड गेला, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं.

अपवाद आहेत. दीवला गेलेल्यांनी फांद्या फुटलेला होका ताड पाहिला असेल, त्याच्या प्रत्येक फांदीला स्वतःचा कोंब असतो. घरात ठेवतात त्या चामेडोरियाच्या बारीक दांड्यांना पेरांवर हवेतच मुळं सुटतात, त्यामुळे त्याची गुटी बांधता येते. पण या अंगणात दोन्ही नव्हते.

म्हणून मी काकूंना एकच गोष्ट करायला लावली. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी उकिडवं बसून वाढीचे कोंब किती ते मोजायचे. बॉटल पाम: एक. भेरली माड: एक. अरेका: चाळीस, आणि मातीतून डोकावणारे कोवळे वेगळे. राफिस: मोजायचा कंटाळा यावा इतके. एक कोंब असेल तर पुढची पिढी फक्त बियांतून. अनेक असतील तर बेट फोडता येतं. घरी पाम वाढवणाऱ्यानं खुरपं हातात घेण्याआधी हे बघावं. निम्मी झाडं मरतात ती हे न बघता कापाकापी केल्यानं.

राफिसचं काम सोपं होतं. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं, मुळांचा गड्डा धारदार चाकूनं चार भागांत कापला, प्रत्येक भागात आठ-दहा दांडे आणि भरपूर मुळं राहतील एवढंच पाहिलं. राफिसला मातीखालून धावते फुटवे येतात आणि जगभर तो मुख्यतः असाच वाढवला जातो. नर आणि मादी झाडं वेगळी असल्यानं बी क्वचितच धरतं. काकूंच्या सुनेनं दोन कुंड्या माहेरी पाठवून दिल्या.

बॉटल पाम आहे तसा हलवायचा तर क्रेन लागणार. मोठं झाड काढायला किंवा हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. ते काम विकासकाचं. कमिटीला तेवढं लेखी कळवायला सांगितलं आणि मी बियांकडे वळले.

भेरली माड हलवायचा आग्रह एका घरानं धरला होता. तो मी सरळ मोडून काढला. हा पाम आयुष्यात एकदाच फुलतो. पहिला घोस शेंड्याकडे येतो, मग एक एक घोस खाली खाली उतरत जातो, आणि सगळ्यात खालचा पिकला की झाड वाळतं. या झाडाचे घोस निम्म्यापर्यंत उतरले होते. म्हणजे क्रेन लावून, हजारो रुपये घालवून काही वर्षांत मरणारं झाड नेण्यात अर्थ नव्हता. बियांचा मात्र ढीग होता.

अरेकाचं बेट

काकूंचा जीव अडकला होता तो यात. खरं सांगायचं तर नुसती हिरवाई हवी असेल तर हा उपद्व्याप करू नये. उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत अरेका वाटेल तेवढा मिळतो, आणि माळी, टेम्पो, माती धरून जुनं बेट हलवायला नव्या दहा रोपांपेक्षा जास्त खर्च येतो. काकूंना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि विषय बदलला.

अडचण वेळेची होती. पुण्यात बेट फोडायला उत्तम काळ म्हणजे मृगाचा पाऊस पडून गेल्यावरचा, जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै. हवा दमट, जमीन ऊबदार, माती ओली. पण तोपर्यंत इथे जेसीबी उभा असणार. फेब्रुवारीत उपटलं तर ऐन उन्हाळ्यात तुटक्या मुळांचं झाड कुंडीत. त्यामुळे काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं. मार्चमध्ये फक्त कापायचं, जागचं हलवायचं नाही. मे अखेरीला उचलायचं. मधल्या दोन-अडीच महिन्यांत प्रत्येक तुकड्यानं आपापली मुळं धरायची. उन्हाळ्यात पाम मरेल ही भीती अनेकांना असते. पाणी असेल तर उलट आहे. गरम मातीत पामची मुळं जोरात वाढतात, थंडीत ती जवळपास थांबतात. पुण्यात जानेवारीत रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, तेव्हा हे काम केलं तर झाड नुसतं उभं राहतं आणि कुजायला लागतं.

मार्चच्या कापणीचा दिवस सांगण्यासारखा आहे. माळीमामांनी आधी दोन दिवस बेटाला पोटभर पाणी दिलं. मग भोवतालची माती खुरप्यानं अलगद बाजूला केली, तेव्हा बुंधे उघडे पडले आणि एक गोष्ट दिसली. हे एक बेट नव्हतंच. मूळ बुंधे सात होते, वीतभर अंतरावर एकमेकांना खेटून, आणि प्रत्येकाला फुटवे आलेले. रोपवाटिकेत अरेका भरगच्च दिसावा म्हणून एका कुंडीत दहा-पंधरा बियांची रोपं एकत्र लावतात. काकूंच्या यजमानांनी वीसेक वर्षांपूर्वी आणलेली कुंडी तशीच असणार, त्यातली सात तगली आणि त्यांचा विस्तार झाला. दुकानातून आणलेल्या अरेकाची कुंडी वाटायला बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यात बहुधा बेट नसतं, गर्दी असते. रोपं लहान असतील तर पाण्यात माती धुऊन सोडवता येतात, पण वर्ष-दोन वर्षं उलटली की मुळांची इतकी गुंतागुंत होते की एकाला ओढलं तर तिघांची मुळं तुटतात.

इथे मात्र सात बुंधे सापडल्यानं काम हलकं झालं. कापायच्या रेषा बुंध्यांच्या मधून घेता आल्या. आधी पहारीनं सांधा शोधायचा, मग बारीक दातांची करवत. कोयत्याचे घाव घातले तर बुंधा चिरफाळतो आणि त्या चिरांत बुरशी बसते. पाच भाग केले. प्रत्येकात किमान चार-पाच दांडे, एक तरी कोवळा फुटवा, आणि बुंध्याच्या तळाशी स्वतःची मुळं. फक्त आईच्या अंगावर चिकटलेला, मुळं नसलेला फुटवा वेगळा करून लावायचा मोह होतो. तो जगत नाही, आणि मुळं फुटायची पावडर चोळूनही फारसा फरक पडत नाही. कापलेल्या जागी बुरशीनाशक लावलं, फटीत भरड वाळू भरली, आणि माती पुन्हा जशी होती तशी ओढली.

त्यानंतर एप्रिल-मे दोन महिने सकाळी पाइपनं पाणी. मूळची जमीन मुरमाची, त्यात कधीकाळी टाकलेला राडारोडा, त्यामुळे पाणी साचत नव्हतं, हे एक बरं होतं. कापल्यानंतर पाच भागांपैकी एकाची खालची पानं पिवळी पडली तेव्हा काकूंनी ती छाटायला घेतली होती. थांबवलं. अरेकाच्या जुन्या पानांवर नारिंगी ठिपके येऊन टोकं वाळतात ते बहुतेकदा पोटॅशच्या कमतरतेनं. झाड जुन्या पानांतला पोटॅश काढून नव्या पानांना पुरवत असतं. पिवळं दिसतं म्हणून कापलं की तो पुरवठा तुटतो आणि वरचं पान पिवळं पडायला लागतं. पान पूर्ण वाळून तपकिरी झाल्याशिवाय हात लावू नये.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दोनदा वळीव झाला आणि उचलणी झाली. खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या झावळ्या काढल्या, उरलेल्या वर गोळा करून सुतळीनं सैल बांधल्या. शेंड्यातली न उलगडलेली सुरळी वाकणार नाही याची काळजी घेतली, कारण ती गेली म्हणजे तो दांडा गेला. मुळांचा गड्डा मातीसकट गोणपाटात. खणताना जिथे कापलं होतं तिथल्या फटीत, वाळूत, पांढरी टोकं असलेली नवी मुळं बोटभर लांब वाढलेली दिसली. दोन महिन्यांची वाट याच्यासाठीच होती.

पाच भागांपैकी एक काकूंच्या भाड्याच्या घरी, वारज्याला चौथ्या मजल्यावर, अठरा इंची कुंडीत. दोन मुलीच्या सोसायटीत, बाणेरला. एक भोरच्या दिरांच्या शेतावर. पाचवा शेजाऱ्यांनी मागून घेतला आणि त्यांच्या माळ्याकडून लावला. तो गेला. बुंधा अर्धा फूट मातीत पुरला होता, झाड डुलू नये म्हणून. पाम पहिल्यापेक्षा खोल लावला की बुंध्याचा तळ गुदमरतो आणि कुजतो. मातीची पातळी आधी जिथे होती तिथेच हवी. डुलत असेल तर बांबूचा आधार द्यावा. जुलैत त्यांनी मला बोलावलं तेव्हा सुरळी हलकेच ओढली, ती हातात आली, खालचं टोक चिकट, घाणेरड्या वासाचं. एकेक करत सगळ्या दांड्यांचं तेच.

बाकीची चार जगली की नाही हे कळायला एक साधी युक्ती आहे. सुरळी जिथे शेजारच्या देठाला टेकते तिथे दोघांवर मिळून मार्कर पेनानं एक आडवी रेघ मारायची. दोन-तीन आठवड्यांनी सुरळीवरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकली असेल तर झाड आतून वाढतंय, मग पानं कितीही मरगळलेली दिसोत. वारज्याच्या झाडाची रेघ महिनाभर तसूभरही हलली नाही आणि काकूंनी धीर सोडला होता. जुलैच्या मध्याला ती दीड इंच वर गेली. काकूंनी फोटो पाठवला, त्यात पान नव्हतंच, फक्त दोन निळ्या रेघा.

बिया, श्रीखंडाचे डबे आणि माळा

बियांचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू झालं होतं, आणि यात पुण्याचा उन्हाळा आपल्या बाजूचा असतो. पामच्या बहुतेक बियांना रुजायला तीस ते पस्तीस अंशांची ऊब लागते. ती इथे मार्च ते जून फुकट मिळते. नोव्हेंबरात पेरलेल्या बिया मेल्या समजून लोक फेकून देतात. त्या मेलेल्या नसतात, थंडी सरायची वाट बघत असतात.

अरेकाची फळं हिरवी तोडू नयेत. पिवळी-नारिंगी झाली की घ्यावीत. या बेटावर ती भरपूर होती. गर काढणं हे कंटाळवाणं काम, पण तेच महत्त्वाचं. गरात उगवण रोखणारे घटक असतात आणि गर ठेवला तर दोन दिवसांत बुरशी येते. फळं तीन दिवस पाण्यात भिजवली, पाणी रोज बदललं, मग जुन्या गव्हाच्या चाळणीवर घासून धुतली. चाळणीवर उरतं ते तपकिरी, तंतूंनी वेढलेलं बी, बोराच्या आठोळीपेक्षा किंचित लांबट.

भेरली माडाच्या बाबतीत ही चाळणी उघड्या हातांनी घासायची नाही. त्याच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हे मी आधीच बजावलं होतं. तरी पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलानं 'एवढं काय' म्हणत मूठभर फळं हातानं कुस्करली आणि संध्याकाळपर्यंत बोटांना आग, खाज, लाली. हात तोंडाला लागले नाहीत हे नशीब. दुसऱ्या दिवशी रबरी मोजे आले, आणि फळं बादलीत घालून काठीनं ढवळून गर सोडवला.

बी चांगलं आहे का हे बघायला पाण्यात तरंगतं की बुडतं हे लोक बघतात. ते पूर्ण खरं नाही, पण ढोबळ अंदाज येतो. त्यापेक्षा चार-पाच बिया अडकित्त्यानं कापून बघाव्यात. आतला गर कडक, पांढरा हवा, आणि एका बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा अंकुर ताजा दिसायला हवा. अरेकाचं बी कापलं तर आत एकसंध पांढरं. भेरली माडाचं कापलं तर सुपारीत दिसते तशी तपकिरी नक्षी.

पेरायला महागाचं काही लागलं नाही. सोसायटीभरातून श्रीखंडाचे रिकामे डबे जमा झाले. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोनदा धुऊन घेतलं, कारण त्याच्या दाबलेल्या विटेत मीठ असतं. भिजवून मुठीत दाबलं की एखादाच थेंब पडेल इतपतच ओलं. नवशिके इथे पाणी जास्त घालतात. बिया थरात पसरून झाकण लावलं आणि डबे माळ्यावर, स्लॅबच्या जवळ. गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवायची सूचना आली होती, पण तिथे मे महिन्यात चाळिशीच्या वर जातं आणि बिया शिजतात. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यायची, बुरशी लागलेलं बी काढायचं, बस.

अरेका आणि बॉटल पामचं बी जागच्या जागी उगवतं. बियाला चिकटूनच एक गुंडी फुगते, तिच्यातून मूळ खाली आणि कोंब वर. त्यामुळे उथळ डबा चालतो. भेरली माडाचं तंत्र वेगळं. बियातून आधी एक पांढरी नळी निघून खाली खोल जाते आणि तिच्या टोकाशी रोप तयार होतं, बियापासून लांब. खजुराचंही असंच. उथळ डब्यात ही नळी तळाला आपटून वळते, म्हणून त्या बिया शीतपेयांच्या दोन लिटरच्या बाटल्या वरून कापून, तळाला भोकं पाडून त्यात थेट लावल्या. रोप कुठे येईल याचा नेम नसल्यानं एका बाटलीत एकच.

अरेकाची पहिली गुंडी मे सुरू होता होता दिसली. शंभरेक बियांपैकी साठेक उगवल्या, पण एकदम नाही. काही मेमध्ये, बऱ्याच जूनमध्ये, दोन-चार चक्क गणपतीत. पामच्या उगवणीचा हा स्वभावच आहे, आणि म्हणून एकाच वेळी डबा रिकामा करायची घाई करू नये. उगवलेलं बी चमच्यानं उचलून पिशवीत लावायचं, बाकीचं परत माळ्यावर. बॉटल पामनं अडीच-तीन महिने घेतले. भेरली माड तर जुलैपर्यंत ढिम्म होता आणि निम्म्या बाटल्या घरातल्यांनी आधीच कचऱ्यात टाकल्या होत्या. ज्या राहिल्या त्यांतल्या सातांत पुढे कोंब आले.

रोप उगवल्यावर खत द्यायची घाई सगळ्यांना असते. बियात साठवलेलं अन्न काही महिने पुरतं. बी रोपाला चिकटलेलं असेपर्यंत ते तोडू नये आणि खतही देऊ नये. दुसरं पान उलगडलं की चमचाभर गांडूळखत पुष्कळ. पहिलं पान पाहून मुलं हिरमुसली, कारण ते पामसारखं दिसतच नाही. अरेकाचं पहिलं पान नुसतं दोन भागांत दुभंगलेलं असतं. झावळीसारखी पानं यायला वर्ष लागतं आणि कुंडी भरलेली दिसायला आणखी दोन-तीन.

वारज्याच्या गॅलरीत

ऑगस्टमध्ये वारज्याच्या झाडाची टोकं करपायला लागली. गॅलरी पश्चिमेची, पण पावसाळी हवेत ऊन फारसं नव्हतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला आणि उलगडा झाला. भाड्याच्या घरात पाणी बोअरचं, कमी पडलं की टँकरचं. डहाणूकर कॉलनीत महापालिकेचं गोडं पाणी होतं. त्यात भर म्हणजे पाणी वाया जाऊ नये म्हणून काकू आरओ मशीनचं सांडपाणी बादलीत धरून झाडांना घालत होत्या. पुण्यात आता घरोघरी हे करतात, आणि फरशी पुसायला ते ठीकच आहे, पण मशीननं पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. अरेकाला क्षार सोसत नाहीत, ते पानांच्या टोकांत साठून टोकं जळतात. उपाय दोनच केले. पावसाचं पाणी टबात धरून कुंडी तीनदा वरून भरपूर धुऊन काढली, खालून पाणी वाहू दिलं. आणि पुढे एसीचं पाणी, जे जवळपास क्षारमुक्त असतं, ते अरेकासाठी राखून ठेवलं. जळलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी पानं स्वच्छ आली.

दुपारच्या उन्हासाठी ऑक्टोबरपासून हिरवं शेडनेट लावलं. थंडीत पाणी निम्म्यावर आणलं आणि खत बंद ठेवलं. रोपांनी डिसेंबर-जानेवारीत काही केलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

सध्या हिशोब असा आहे. बेटाच्या पाच भागांपैकी चार जिवंत, भोरचा सगळ्यात जोमात, कारण तो जमिनीत आहे. अरेकाची चाळीसेक रोपं सभासदांनी वाटून घेतली. बॉटल पामची डझनभर आणि भेरली माडाची सात रोपं भोरलाच ठेवली, कारण गॅलरीत या दोघांना भविष्य नाही. जुन्या बॉटल पामच्या पुनर्रोपणाच्या अर्जावर अजून निर्णय व्हायचा आहे.

नव्या इमारतीच्या नकाशात विकासकानं पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, पामांची रांग दाखवली आहे. काकूंनी नकाशा माझ्याकडे पाठवला, मी मातीची खोली विचारायला सांगितली, आणि उत्तर आलं, दीड फूट. अरेका तेवढ्यात काढेल दिवस, बॉटल पाम नाही. तेव्हा बेटाचा तुकडा पोडियमवर जाणार नाही, मागच्या भिंतीलगतची सहा फुटांची जमीन फरशी न घालता मोकळी सोडायची, अशी मागणी कमिटीनं लेखी दिली आहे. विकासकाचं म्हणणं, तिथे पार्किंगचा उतार येतो. पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे, आणि काकूंनी मला मोजपट्टी घेऊन यायला सांगितलंय.